सिल्वरटिपचा हट्ट कशाला?

बॅजर या प्राण्याच्या केसांच्या दाढीच्या ब्रशाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास ठणकावतं, "बॅजर घ्यायचा तर सिल्वरटिपच घे. प्युअर म्हणजे नुसता खराटा!" सांगणारा बहुधा वाटीत फेस घोटणारा असतो आणि ऐकणारा थेट गालावर घोटणार असतो, पण तो फरक कुणी विचारातच घेत नाही. मग नवखा माणूस ऐपतीबाहेर जाऊन मोठा, मऊसूत, पांढऱ्या टोकांचा ब्रश आणतो. साबणाच्या वडीवर टेकवला की तो लोळण घेतो. फेस होतो खरा, पण सगळा केसांच्या पोटात अडकून बसतो आणि गालावर येतं ते पांढरं पाणी. खापर मात्र साबणावर फुटतं.

मुळात हे दर्जे ठरवले कुणी? प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्वरटिप ही चढती भाजणी दुकानदार अशा थाटात ऐकवतात की जणू सोन्याचे कॅरेटच. त्यामागे कोणतीही प्रमाणसंस्था नाही, तपासणी नाही, शिक्का नाही. प्रत्येक कारखाना आपापल्या मालाला आपापलं नाव देतो. सिम्पसनसारखी जुनी इंग्लिश कंपनी आपल्या चढत्या दर्जांना प्युअर, बेस्ट, सुपर म्हणत आली. दुसऱ्याच्या यादीत सुपरच्याही वर सिल्वरटिप असतो. एकाचा बेस्ट दुसऱ्याच्या सुपरला मागे टाकू शकतो. सीझनमध्ये प्रत्येक हातगाडीवरचा आंबा देवगड हापूस असतो, तसंच हे. हापूसला निदान 2018 पासून भौगोलिक मानांकन तरी आहे, सिल्वरटिपला तेही नाही. त्यात भर म्हणजे टोकं ब्लीच करून पांढरी केलेले ब्रशही बाजारात आहेत. तेव्हा नुसत्या पांढऱ्या रंगाला भुलण्यात अर्थ नाही.

चेहऱ्यावरच फेस करायचा असेल तर लागतो तो कणा. केस गालावर दाबल्यावर वाकले पाहिजेत आणि उचलल्यावर पुन्हा उभे राहिले पाहिजेत. हा कणा तीन गोष्टींवर ठरतो: केसाची जाडी, जुडग्याची दाटी आणि मुठीबाहेर राहिलेली केसांची उंची. यातली उंची सगळ्यात स्वस्तात मिळते आणि नेमकी तीच कुणी मोजत नाही. एका टोकाला घट्ट धरलेल्या केसाची ताठरता लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणजे 50 मिमीचा केस 60 मिमी केला तर त्याची ताठरता 40 टक्क्यांहून अधिक घटते. एका सेंटिमीटरचा हा प्रताप! जाडीचा परिणाम तर चौथ्या घातानं होतो. सहसा जास्त जाडसर असणारा प्युअरचा केस, ज्याला खराटा म्हणून हिणवलं जातं, तो गालावर म्हणूनच कामाला येतो.

तेव्हा बेताच्या पैशात ब्रश घेणाऱ्याने दर्जाचं नाव मागाहून वाचावं, आधी पट्टी काढावी. जुडग्याचा बुंधा 20 ते 24 मिमी आणि केसांची उंची 45 ते 50 मिमी, एवढ्यात बहुतेकांचं भागतं. 28 मिमीचा जाडजूड ब्रश फोटोत रुबाबदार दिसतो, पण नाकाखाली फिरवायला गेलं की फेस नाकपुडीत. मुठीवर उधळपट्टी नको. शिंगाची असो की रेझिनची, ती फेस करत नाही.

स्वस्त बॅजरमध्ये खरी मेख टोकांत असते. चांगला जुडगा बांधताना कारागीर केस टोकाकडून साच्यात सोडतो, ठोकून आकार देतो आणि मुळाकडे बांधून चिकटवतो. टोकाला कात्री लागत नाही, त्यामुळे प्रत्येक केस निमुळता राहतो. हलक्या मालात जुडगा आधी बांधतात आणि मग वरून छाटून गोल करतात. छाटलेलं टोक बोथट होतं आणि तेच गालाला टोचतं. साधं भिंग घेऊन उजेडात टोकं बघा. निमुळती असतील तर प्युअर असूनही ब्रश निभावून नेईल. सपाट कापलेली असतील तर वेष्टनावर काहीही छापलेलं असो, खाली ठेवा. "पहिल्यांदा टोचतो, मग मऊ होतो" हे दुकानदाराचं आश्वासन डुकराच्या केसांना लागू पडतं, कारण त्यांची टोकं वापरून दुभंगतात. छाटलेल्या बॅजरच्या बाबतीत त्यावर विसंबू नका.

"बॅजरचा केस पोकळ असतो, म्हणून पाणी पितो" हेही एक पालुपद. कोणताही केस केराटिनचा असतो आणि भिजल्यावर स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्के पाणी शोषतो. ब्रशातलं बाकीचं पाणी केसांच्या मधल्या फटींत केशाकर्षणानं धरलेलं असतं.

"बॅजरला मारत नाहीत, लोकरीसारखं कातरतात" असंही बिनदिक्कत सांगतात. साफ खोटं. केस मेलेल्या प्राण्याच्या कातड्यावरून येतात आणि बाजारातला बहुतांश माल चीनमधून येतो. ब्रिटनमध्ये 1992 च्या कायद्यानं बॅजरला संरक्षण आहे, त्यामुळे इंग्लिश ब्रशातला बॅजर इंग्लिश नसतो. पेटा या प्राणिहक्क संघटनेनं 2018 मध्ये चीनमधल्या बॅजरपालन केंद्रांचं चित्रीकरण प्रसिद्ध केलं, ते बघवत नाही. ज्याला हे पटत नसेल त्यानं सरळ सिंथेटिक घ्यावा. आताचे चांगले सिंथेटिक धागे गालावर उत्तम काम देतात आणि बहुधा स्वस्तही पडतात. हे लिहिल्याबद्दल बॅजरप्रेमी रागावतील, रागावोत.

"आजोबांच्या काळातला ब्रश म्हणजे अस्सल" असं म्हणणाऱ्यांनी एक इतिहास वाचावा. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश व अमेरिकी सैनिकांना आणि नागरिकांना दाढीच्या नव्याकोऱ्या ब्रशांतून अँथ्रॅक्स झाला. बॅजर म्हणून रंगवून विकलेले ते घोड्याचे केस होते, आणि नीट निर्जंतुक केलेले नव्हते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या 'इमर्जिंग इन्फेक्शियस डिसीजेस' या नियतकालिकानं 2017 मध्ये या साथींचा सविस्तर आढावा घेतला आहे. आजच्या नव्या ब्रशाबद्दल धास्ती नको, पण 1930 पूर्वीचा ब्रश जुन्या बाजारात मिळाला तर शोभेला ठेवावा.

आता किरकोळ गोष्टी. ब्रश उलटा टांगलाच पाहिजे असं नाही. झटकून, टॉवेलवर फिरवून हवेशीर जागी उभा ठेवला तरी वाळतो, बंद कपाटात मात्र ठेवू नये. उकळतं पाणी नको, त्यानं केस आणि चिकटवण दोन्ही बिघडतात. आंघोळीचं पाणी पुरे. नव्या ब्रशाला प्राण्याचा वास येणं हा दोष नव्हे, शॅम्पूनं दोनचारदा धुतला की जातो. जोरात दाबल्यानं फेस जास्त होत नाही, उलट मधले केस मोडून जुडग्यात खळगा पडतो. बोअरवेलचं जड पाणी असेल तर साबणाचा चुना केसांवर बसतो आणि चांगला ब्रशही राठ लागतो. तो फेकण्याआधी पाण्यात थोडं व्हिनेगर घालून काही मिनिटं बुडवून बघा. सुरुवातीला दोनचार केस गळतात, त्याची चिंता नको. महिन्यानंतरही रोज गळत असतील तर बांधणी कच्ची आहे. पावती शोधा आणि ब्रश बदलून घ्या.