गिरणीवाल्याचे आडनाव

ऋग्वेद सायणभाष्यासह छापून प्रसिद्ध करणाऱ्या मॅक्समुल्लर यांचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. आपण ते एका दमात, एकच शब्द असल्यासारखे म्हणतो. वास्तविक मॅक्स हे त्यांचे नाव आणि म्यूलर (आपण केले मुल्लर!) हे आडनाव. मग दोन्ही चिकटली कशी? त्यासाठी मध्ययुगीन जर्मनीतल्या पाणचक्कीपर्यंत जावे लागेल.

म्यूलर म्हणजे धान्य दळून देणारा, गिरणीवाला. ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी चक्की जर्मन लोकांनी रोमनांकडून घेतली आणि तिचे 'मोलिना' हे लॅटिन नावही घेतले. त्या शब्दापासून हे आडनाव बनले.

आज ते जर्मनीतले सर्वांत मोठे आडनाव आहे. दर हजार माणसांत सुमारे नऊ-दहा म्यूलर! आता गंमत पाहा. एका खेड्यात गिरणीवाले असून असून किती असणार? एक, फार तर दोन. बाकी सारे शेतकरी. मग शेतकरी या अर्थाचे 'बाउअर' हे आडनाव पहिले का नाही? पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर विचार करा.

बाराव्या शतकाच्या सुमारास शहरे वाढू लागली, तशी एकाच नावाची पुष्कळ माणसे झाली. 'कोणता हाइनरिश?' असे विचारल्यावर 'तो शेतकरी' म्हणून काय उपयोग? शेतकरी तर सगळेच! 'गिरणीवाला हाइनरिश' म्हटले की माणूस नेमका सापडे. आडनाव जन्मले ते वेगळेपण दाखवायला. म्हणून गावात एकटा असणाराच त्याचा धनी झाला. बाउअर आहेत, नाहीत असे नाही, पण बरेच मागे.

असे हजारो गावांत स्वतंत्रपणे घडले. तेव्हा दोन म्यूलर भेटले तर ते भाऊबंद असतीलच असे नाही. पक्ष्याला पंख आहेत आणि वटवाघळालाही आहेत, म्हणून दोघांना ते एकाच पूर्वजाकडून मिळाले असे आपण म्हणतो का?

पुढे आडनाव वंशपरंपरेने चालू लागले आणि धंदा सुटला तरी ते राहिले. बोली मात्र त्यात टिकून राहिली. उत्तरेकडे याच आडनावाचे रूप 'म्योलर', तर बव्हेरिया-ऑस्ट्रियाकडे 'म्युल्नर'. फ्रायबुर्ग व माइन्त्स येथील विद्यापीठांतील अभ्यासकांनी २००५ सालच्या टेलिफोनधारकांच्या नोंदींवरून जर्मन आडनावांचे नकाशे काढले. टेलिफोनच्या यादीतून बोलीभाषांच्या जुन्या सीमा दिसाव्यात, हे मला तरी फार नवलाचे वाटते!

आता मॅक्समुल्लर. त्यांचे आजोबा देसाउ गावचे शिंपी. गिरणीशी संबंध आडनावापुरताच. वडील विल्हेल्म म्यूलर कवी होते. त्यांनी एका गिरणीवाल्याच्या मुलीवर गीतमाला लिहिली आणि शूबर्टने १८२३ मध्ये तिला संगीत दिले. त्याच वर्षी मॅक्स यांचा जन्म झाला. मोठेपणी ते इंग्लंडात स्थायिक झाले. म्यूलर तर पैशाला पासरी! एकेकाळी माणूस नेमका ओळखू यावा म्हणून लावलेल्या शब्दाने आता कोणीच ओळखू येईना. तेव्हा त्यांनी 'मॅक्स' हे आपले नावच आडनावाला जोडून टाकले. त्यांचे चिरंजीव सर विल्यम ग्रेनफेल हे ब्रिटिश परराष्ट्रसेवेत होते. त्यांनी आडनाव लावले ते मॅक्स-म्यूलर असेच.