रोजमेळात न आलेली गोष्ट

दिवाळीला व्यापारी घरांत चोपडापूजन होते. कोऱ्या वहीवर स्वस्तिक रेखले जाते, ‘शुभ-लाभ’ लिहिले जाते आणि जुन्या वह्या माळ्यावर जातात. मीरा-भाईंदरमध्ये राजस्थान-गुजरातमधून येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांकडे अशा वह्यांचे गठ्ठे असतात. मालाचा भाव, उधारी, व्याज यांची पै न् पै त्यांत सापडते. मात्र गाव सोडताना आजोबांच्या मनात काय होते, मोठी उधारी बुडाली त्या रात्री आजीने त्यांना कसा धीर दिला, याची नोंद कोणत्याच खात्यात नसते. ती वृद्धांच्या स्मरणात असते आणि त्यांच्याबरोबरच संपते.

एका जैन व्यापाऱ्याने ही नोंद पावणेचारशे वर्षांपूर्वी करून ठेवली. १५८६ मध्ये जौनपूरच्या श्रीमाळ कुटुंबात जन्मलेल्या बनारसीदासांनी १६४१ मध्ये आग्र्यात ‘अर्धकथानक’ हे पद्य आत्मचरित्र लिहिले. हिंदीतील ते पहिले आत्मचरित्र मानले जाते. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे धरले, तर पंचावन्नाव्या वर्षी सांगितलेली कथा अर्धीच. म्हणून हे नाव. जवाहिराच्या व्यापारात आलेली खोट, कचोरीवाल्याकडे महिनोन्महिने चाललेली उधारी, नऊ अपत्यांचा मृत्यू आणि स्वतःचे दोषही त्यांनी झाकून ठेवले नाहीत. जमेइतकीच नावेची बाजूही मांडली, म्हणून तो ताळेबंद आजही विश्वासार्ह वाटतो.

लिहिण्याची इच्छा अनेकांना असते. दुकान, फोन आणि घरचा राबता यांतून सलग दोन तास मात्र मिळत नाहीत. नवोदितांसाठी शहराबाहेर भरणाऱ्या शनिवार-रविवारच्या लेखन शिबिरांचे प्रयोजन हेच आहे. इंग्लंडमध्ये ‘आर्वन’ या संस्थेने १९६८ पासून ग्रामीण भागातील जुन्या घरांत अशी निवासी शिबिरे चालवली. तेथे शिबिरार्थी दिवसा लिहितात आणि संध्याकाळचा स्वयंपाक आळीपाळीने करतात.

शिबिराची रीत साधी असते. दहा-पंधरा जणांचा गट पुरेसा. सकाळी दहा मिनिटे हात न थांबवता लिहायचे; खाडाखोड नंतर. मग एखादी वस्तू निवडायची, जसे जुना तराजू, आजीचा डबा, पहिल्या दुकानाची किल्ली, आणि तिच्याविषयी केवळ दिसलेले, ऐकलेले, हुंगलेले लिहायचे. ‘सुंदर’, ‘महान’ ही विशेषणे वर्ज्य. संध्याकाळी प्रत्येकाने आपले पान मोठ्याने वाचायचे. पहिल्या दिवशी कुणी दोष काढायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच पानाचे पुनर्लेखन.

मीरा-भाईंदरकरांना अशी शांतता शोधायला फार दूर जावे लागत नाही. भाईंदर पश्चिमेहून मिठागरे आणि डोंगरी ओलांडली की उत्तनचा समुद्रकिनारा लागतो. तेथील केशवसृष्टीच्या परिसरात रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीचे निवासी प्रशिक्षण केंद्र आहे. अधिक वेळ असल्यास सातारा जिल्ह्यातील भिलार गाठावे. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधले हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. तेथे घराघरांत मराठी पुस्तके वाचनासाठी मांडलेली आहेत. लिहिणाऱ्याला याहून चांगला शेजार कोणता?

नाव नोंदवण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात: गट किती जणांचा, मार्गदर्शक प्रत्येकाचे लेखन वाचणार का, सूर्यास्तापूर्वी भोजनाची आणि कंदमूळविरहित स्वयंपाकाची सोय आहे का. चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्यांनी कार्तिकी पौर्णिमेनंतरचा काळ निवडावा. दोन दिवसांत कोणी लेखक होत नाही, हेही लक्षात असावे. शिबिर केवळ आरंभ करून देते. घरी परतल्यावर रोज वीस मिनिटे बसले नाही, तर ते भांडवल लवकरच आटते.

शिबिराला जाणे शक्य नसेल, तर तीन पिढ्यांनी एका रविवारी फोन बंद ठेवून घरीच बसावे. नातवाने विचारावे, आजोबांनी सांगावे, सुनेने लिहावे. तारीख अचूक आठवली नाही तरी चालेल; प्रसंग खरा असावा. येत्या चोपडापूजनाला हिशेबाच्या वहीशेजारी ही दुसरी वहीही ठेवता येईल. पहिलीतील येणे पुढेमागे वसूल होते. दुसरीत वेळेवर न लिहिलेले मात्र कायमचे बुडते.