सुट्टीच्या दिवशी आई बसते कधी?

खैरानी रोडच्या आतल्या एका गल्लीत राहणाऱ्या ताईंचा रविवार आम्ही त्यांच्याशेजारी बसून लिहून घेतला. ताई सोमवार ते शनिवार शिलाईच्या गाळ्यात धागे कापतात. नवरा टेम्पोवर आहे. मुलगा चार वर्षांचा, मुलगी चौदा महिन्यांची. रविवारी गाळा बंद, म्हणजे ताईंना सुट्टी.

पहाटे पाणी आले तेव्हा त्या उठल्या. पिंप, हंडे, बालद्या भरल्या. मग आठवड्याचे कपडे आणि मुलीने ओली केलेली गोधडी धुतली. मुलाच्या डोक्यात उवा होत्या, त्या काढल्या. दोघांना अंघोळ घातली. रेशनच्या रांगेत तासभर मुलीला कडेवर घेऊन उभ्या राहिल्या. परत येऊन कोंबडीचे कालवण आणि भाकऱ्या केल्या. दुपारी मुलाला विहारात बालसंस्कार वर्गाला सोडले, आणले. संध्याकाळी नणंद मुलांसह आली, पुन्हा चूल. रात्री अकराला सोमवारची भाजी निवडून ठेवली.

आम्ही विचारले, "जेवलात कधी?" म्हणाल्या, "तीन वाजले असतील, उभ्याउभ्याच." "आणि बसलात कधी?" त्या हसल्या. "लेकीला पाजायला बसले की."

हे एका घरातले नाही. साकीनाका, जरीमरी, काजूपाडा, मोहिली, संघर्षनगर, कुठेही विचारा, लहान मुलांच्या आईचा रविवार असाच निघेल. आरोग्याच्या पानावर हे लिहायचे कारण एवढेच की विश्रांती न मिळणे हेही आजाराचे कारण आहे, आणि त्या दिवसाच्या घाईत मुलांनाही अपघात होतात.

ही सुट्टी आली कुठून?

रविवारची सुट्टी आपल्याला कोणी दान दिलेली नाही. महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. वर्षानुवर्षे अर्ज, सभा, आंदोलने केली आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली.

पुढे बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९२९ साली तो कायदा झाला. व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली त्यांनी कारखान्यातले आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक मांडले. माणसाच्या शरीराला विसावा लागतो, हे त्यांनी कायद्यात लिहून घेतले.

पण कायदा गाळ्याच्या दारापर्यंत येतो आणि घराच्या दारात थांबतो. पुष्कळदा तर गाळ्यातही शिरत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची सक्ती होती ती तीसपेक्षा जास्त स्त्रिया काम करत त्या कारखान्याला. आपल्याकडच्या पोटमाळ्यावरच्या गाळ्यात तीस बाया कुठून येणार? पवई-चांदिवलीच्या सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या भगिनींची सुट्टी तर बहुतेक ठिकाणी मालकिणीच्या मर्जीवर असते.

घरातले काम मोजले तर काय दिसते? केंद्र सरकारची २०२४ सालची वेळ-वापर पाहणी सांगते की घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, पुरुषाचा ८८ मिनिटे. बाईचे पावणेपाच तासांहून जास्त, पुरुषाचे दीड तासाच्या आत. आणि हा हिशेब फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा आहे. जे हातच लावत नाहीत, ते यात धरलेले नाहीत.

आईच्या शरीराचे काय होते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे दोघींतली एक. रक्त कमी असलेल्या बाईला जिना चढताना धाप लागते, डोके जड राहते, चिडचिड होते. घरचे म्हणतात, "हिचा स्वभावच तापट." स्वभाव नव्हे, हिमोग्लोबिन पाहा. गरोदर नसलेल्या बाईचे ते १२ च्या खाली आणि गरोदर बाईचे ११ च्या खाली असेल तर उपचार हवा.

सुट्टीच्या दिवशी तीन गोष्टी हमखास बिघडतात. एक, सकाळपासून नुसता चहा पिऊन काम. जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी कमी लागते. चहा जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर घ्या. दोन, सार्वजनिक संडासाला रांग म्हणून पाणी कमी पिणे आणि लघवी दाबून ठेवणे. त्याने लघवीला जळजळ होते, ताप येतो. तीन, भरलेले हंडे कमरेतून वाकून उचलणे. हंडा अर्धाच भरा, गुडघे वाकवून, अंगाशी धरून उचला. बाळंतपणाला तीन महिने झाले नसतील तर जड हंडा दुसऱ्या कोणी उचलावा.

महापालिकेच्या आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. "आपला दवाखाना" संध्याकाळीही उघडा असतो. रक्त तपासायला खाडा करावा लागत नाही.

घाईतले तीन अपघात

रविवारी घरात पाणी तापलेले असते, बालद्या भरलेल्या असतात, साफसफाईच्या बाटल्या खाली काढलेल्या असतात आणि आईचे लक्ष चार ठिकाणी असते. दहा बाय पंधराच्या खोलीत रांगणाऱ्या मुलाला तिथवर पोहोचायला क्षणही लागत नाही. दोष आईचा नाही, पण तयारी आपली हवी.

भाजणे : अंघोळीचे पाणी काढताना आधी थंड पाणी बालदीत घाला, मग गरम. भाजलेच तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे पाणी ओतत राहा. नळ नसेल तर मग्याने ओता. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, शाई, काही लावू नका. अंगठी, बांगडी, ओले कपडे लगेच काढा, पण कातडीला चिकटलेले कापड ओढू नका. नंतर स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाका आणि बाकीचे अंग ऊबदार ठेवा. भाजलेली जागा मुलाच्या तळहाताहून मोठी असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधा, लघवीची जागा भाजली असेल, किंवा मूल वर्षाच्या आतले असेल तर थेट रुग्णालयात न्या. घाटकोपरचे राजावाडी आणि कुर्ल्याचे भाभा ही महापालिकेची जवळची रुग्णालये आहेत.

बुडणे : लहान मूल चार बोटे पाण्यातही बुडते. ते डोक्याने जड असते, बालदीत वाकले की वर येत नाही आणि आवाजही होत नाही. पिंपाला घट्ट झाकण हवेच. भरलेल्या बालद्या पाटीच्या आड किंवा मोरीच्या दाराआत ठेवा. मूल बुडालेले सापडले तर उलटे लटकवून पोट दाबू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या, छातीच्या मधोमध दाबत राहा आणि दुसऱ्या कोणाला १०८ लावायला सांगा.

विषारी पाणी : आपल्या भागात गाळ्यातून घरी थिनर येतो, सोल्युशन येते. फिनेल, रॉकेल, ॲसिड शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवले जाते. मुलाला ती बाटली सरबताचीच वाटते. अशा बाटलीत हे कधीच भरू नका. मूल प्यायले तर उलटी करवू नका, मिठाचे पाणी किंवा दूध पाजू नका. बाटली बरोबर घेऊन लगेच रुग्णालय गाठा.

रविवारात न बसणारी लस

त्या ताईंच्या मुलीचे कार्ड आम्ही पाहिले. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस राहिली होती. कारण साधे होते. लसीचा दिवस कामाचा वार, आणि खाडा केला तर त्या दिवसाचा पगार जातो. २०२२ च्या शेवटी गोवंडीतून मुंबईभर गोवराची साथ पसरली, मुले दगावली. तेव्हा ज्यांची लस राहिलेली होती, त्यांतल्या किती आयांना सुट्टी मिळाली नसेल, याचा विचार करा.

गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी १६ ते २४ महिन्यांत. उशीर झाला तरी लस वाया जात नाही आणि पहिल्यापासून सुरुवातही करावी लागत नाही. राहिलेली मात्रा घ्यायची. साधी सर्दी असली तरी लस देता येते. गल्लीत फिरणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकेला विचारून जवळच्या सत्राचा वार आणि वेळ कार्डावर लिहून घ्या. आणि मुलाला आईनेच न्यायला हवे असा नियम नाही. कार्ड घेऊन बाबा, आजी, मावशी कोणीही नेऊ शकते. त्या ताईंच्या मुलीला पुढच्याच आठवड्यात तिच्या बाबांनी नेले. टेम्पोची पहिली फेरी त्यांनी उशिरा लावली.

दिवस वाटून घ्या

तथागतांच्या चरित्रातला एक प्रसंग आपण विहारात ऐकतो. पोटाच्या आजाराने एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता, कोणी विचारत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतःच्या हाताने पाणी ओतले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले. ज्यांनी दुसऱ्याचे अंग धुणे हलके मानले नाही, त्यांच्या अनुयायाला लेकराचे लंगोट धुवायला लाज का वाटावी? २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनीही भगिनींना सांगितले होते की नवऱ्याची दासी नव्हे, मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभ्या राहा.

शनिवारी रात्री जेवण झाले की घरातले सगळे बसा. एका कागदावर उद्याची कामे लिहा आणि प्रत्येकापुढे नाव लिहा. पाणी आणि रेशन बाबांकडे. मुलांची अंघोळ ज्याच्याकडे, त्याने त्या वेळी फोन बाजूला ठेवायचा. दहा वर्षांच्या मुलानेही, मुलीसारखेच, स्वतःचे ताट धुवायचे. गोधड्या एका रविवारी, साफसफाई दुसऱ्या रविवारी. पाहुणे आले तर तेही कांदा चिरतील. आणि कागदावर सगळ्यात वर लिहा : दुपारी दोन ते तीन, आई झोपेल.

घरात एकटीच आई असेल तर शेजारच्या दोघी-तिघींनी मिळून पाळी लावा. विहाराच्या महिला मंडळाने रविवारी दुपारी दोन तास लहान मुले सांभाळली, तर ती मोठीच धम्मसेवा होईल. खोली आपली आहे, सतरंजी आहे, माणसे आहेत.

लोखंड्यांनी आणि बाबासाहेबांनी मालकाकडून मिळवलेला दिवस आईपर्यंत पोहोचवायचे काम आपल्या घरात राहिले आहे. येत्या शनिवारी कागद काढा.

नमो बुद्धाय. जय भीम.