जुन्या स्मरणिकेचे कुलूप

यंदाच्या संक्रांतीला शेजारच्या वहिनी तिळगूळ द्यावयास आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "सर, ह्यांचा स्मरणिकेतला लेख मिळेल का? नातवाला वाचून दाखवीन म्हणते." २००४ सालच्या आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत त्यांच्या यजमानांनी आपले घराणे कोकणातून इंदुरास कसे आले, त्याची हकिकत लिहिली होती. लेखक आता हयात नाहीत. वहिनींची प्रत घर बदलताना गहाळ झाली, आणि मंडळाच्या कपाटातील प्रती वाळवीने कधीच फस्त केल्या. उरली होती ती एक सीडी. संपादक या नात्याने ती मी जपून ठेवली होती, याचा मला थोडा अभिमानही होता. तो दुसऱ्याच दिवशी उतरला.

विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, म्हणून आमच्या ओळखीच्या छापखान्यातील तरुणाने विंडोज ११ घेतले होते. सीडीवरील फाइल त्याला दिसली, पण उघडेना. ज्या प्रणालीत ती पाने जुळवली होती, ते पेजमेकर आता त्याच्या संगणकात नव्हते, आणि जुन्या सीडीवरून बसवू गेल्यास बसेना.

पेजमेकर हे नाव ज्यांनी लग्नपत्रिका किंवा दिवाळी अंक छापून घेतले आहेत, त्यांना अपरिचित नसावे. आल्डस कंपनीने ते १९८५ साली काढले. (व्हेनिसचे थोर मुद्रक आल्डस मनुशियस यांच्यावरून हे नाव घेतलेले, निदान नाव तरी जाणत्याने ठेवले.) १९९४ मध्ये ते अडोबीकडे गेले आणि २००१ ची सातवी आवृत्ती ही शेवटची ठरली. पुढे आलेल्या इनडिझाइनमध्ये पेजमेकरच्या फायली उघडत, पण त्या २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीपर्यंतच.

अडचणीचे मूळ असे. त्या काळच्या कित्येक प्रणाली ३२ बिटी असल्या, तरी त्यांना संगणकात बसवून देणारा छोटा कार्यक्रम १६ बिटी असे. ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी कार्यक्रम चालत नाहीत, आणि विंडोज ११ तर केवळ ६४ बिटीच निघते. म्हणजे पाहुणा घरात राहू शकला असता, पण त्याला आणणारा टांगाच वेशीवर अडला!

उपाय त्या तरुणानेच सुचवला. व्हर्च्युअलबॉक्स नावाची विनामूल्य प्रणाली आहे. ती संगणकाच्या पोटात दुसरा काल्पनिक संगणक उभा करते. त्यात त्याने आपल्याजवळच्या जुन्या सीडीवरून विंडोज एक्सपी बसवले. एक्सपीची देखभाल एप्रिल २०१४ मध्येच संपली असल्याने त्या आतल्या संगणकाला इंटरनेट मात्र जोडू दिले नाही. तेथे पेजमेकर निमूटपणे सुरू झाले. पान उघडले, पण काय पाहतो, तर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक सडा!

कारण पेजमेकरच्या फाइलमध्ये फाँट साठवलेला नसतो. त्या काळचे मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले देवनागरी आकार; फाँट नसला की खालची इंग्रजी उघडी पडते. मूळ मराठी टंकलेखनाच्या प्रणालीला यंत्रामागे लावावयाचे एक 'लॉक' असे, आणि नव्या संगणकाला ते लावण्याची खाचच नाही. सुदैवाने केवळ वाचण्यापुरता फाँट पुरतो, आणि तो त्याच सीडीच्या कोपऱ्यात निघाला. वीस वर्षांपूर्वी तो तेथे कोणी ठेवला कोण जाणे. मी तर नक्कीच नव्हे.

पाने पूर्ववत दिसू लागताच त्यांची पीडीएफ करून घेतली; तीत फाँट अंतर्भूत करता येतो, ही मोठी सोय. परंतु पीडीएफ हे झाले छायाचित्रासारखे. त्यातला मजकूर पुन्हा जुळवावयाचा, शोधावयाचा, तर तो युनिकोडमध्ये हवा. तेथे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःची जागा आहे. म्हणून लेख मजकूररूपाने बाहेर काढून रूपांतरकातून घातला. आमच्या इंदुरातले असे रूपांतरक हिंदी समोर ठेवून केलेले. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकित असे, ती त्याने योग्य जागी नेली. रफारही बहुतेक सावरले. मात्र 'ऱ्य' या आपल्या खास जोडाक्षराची त्याला ओळखच नव्हती, आणि त्याने सरसकट 'र्य' केले.

मुद्रिते मीच तपासली. सह्याद्रीच्या 'दऱ्या' उतरून आलेले घराणे आता 'दर्या' उतरून येत होते. आणि थोरल्या आत्याबाईंच्या लग्नात पुरण करपले म्हणून आजोबांनी 'आचार्यांना' धारेवर धरले होते! तीस वर्षे अध्यापन केलेल्या मला तो अपमान क्षणभर वैयक्तिक वाटला. अठरा पानांत असे 'ऱ्य' एकतीस वेळा निघाले. यंत्रावर विसंबलो असतो, तर तेवढ्या ठिकाणी एका दिवंगत माणसाच्या तोंडी त्याने न लिहिलेले शब्द गेले असते.

वहिनींना शुद्ध प्रत दिली तेव्हा आचार्यांची गंमतही सांगितली. त्या खूप हसल्या. मग चष्मा लावून त्यांनी पहिले पान बराच वेळ पाहिले आणि विचारले, "ह्यांनी आत्याबाईंचं लग्न लिहिलंय, ते ठाऊक होतं; पण पुरण करपल्याचं पण लिहिलं होतं का हो?"

मंडळाच्या इतर अंकांच्या नऊ सीड्या आता माझ्या टेबलावर आहेत. त्यांतील दोन मुळी वाचल्याच जात नाहीत. त्या अंकांची छापील प्रत कोणा वाचकाच्या घरी असल्यास मंडळास अवश्य कळवावे.