तरुणपणी पाय जड होतात तेव्हा

भोपाळकडे जिला तिवडा म्हणतात, ती लाखोळीची डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय कायमचे ताठरतात, हे जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. परंतु घरात लाखोळी नसताना तरुण सुनेचे पाय जड झाले, तर मल्टिपल स्क्लेरोसिसचाही विचार व्हावा. हा आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो, व स्त्रियांत अधिक आढळतो. तो संसर्गजन्य नव्हे. सुनेला माहेरी धाडण्याचे कारण नाही.

पंपाच्या तारेवरील रबर सोलले की वीज नीट जात नाही. येथे शरीराची संरक्षणशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंचे आवरण सोलते. एका डोळ्याने अंधुक दिसते, डोळा हलवताना दुखतो, हातपाय बधिर होतात, तोल जातो, लघवी आवरत नाही. लाखोळीच्या विकारात मात्र दृष्टी सहसा शाबूत राहते.

फसगत अशी, की काही आठवड्यांत त्रास पुष्कळदा आपोआप ओसरतो. घरचे म्हणतात, नोव्हेना फळाला आली. मग महिन्यांनी वा वर्षांनी दुसरा झटका येतो व थोडे अपंगत्व मागे ठेवतो. मे महिन्याच्या उन्हात लक्षणे तात्पुरती वाढतात, तेव्हा ऊन लागले असे समजून कांद्याचा रस चोळला जातो.

निदानास एमआरआयची मोठी मदत होते. मेंदूतील पोकळ्यांभोवती लांबट पांढरे डाग दिसतात, मज्जारज्जूतही दिसतात. डाग इतर आजारांतही येतात, म्हणून कधी पाठीतील पाणी तपासतात. भोपाळच्या एम्समध्ये मज्जाविकारांचा विभाग आहे. आजार समूळ जात नाही, पण औषधांनी झटके कमी होतात. तेव्हा डोळा सुधारला तरी जुने कागद घेऊन दाखवून यावे.