बोरीचं लाकूड, पितळेचं कडं आणि उशिरा पडणारा भोवरा

जळगावच्या मेहरूणचं नाव निघालं की आधी आठवतात ती बोरं. शहर पसरलं तशी झाडं विरळ झाली, तरी बोरांची ख्याती टिकून आहे. झाडाच्या लाकडाचं कौतुक मात्र फारसं झालं नाही. बोरीचं लाकूड कठीण आणि घट्ट पोताचं, कातारकामाला चांगलं. बाभळीचंही तसंच, बैलगाडीच्या चाकाचे तुंबे बाभळीचे करत ते काही उगीच नाही. भोवऱ्याला लागणारा चिवटपणा या दोन्ही लाकडांत आहे.

पण जाळी गुंडाळून फेकायचा आपला भोवरा जास्त वेळ फिरावा म्हणून घडलेलाच नाही. जाळीचे वेढे नीट बसावेत म्हणून त्याचं अंग निमुळतं. दुसऱ्याच्या भोवऱ्यावर घाव घालता यावा म्हणून लोखंडी आर टोकदार, आणि तो घाव सोसावा म्हणून लाकूड चिवट. तो लढणारा भोवरा आहे.

जास्त वेळ फिरण्याचं गणित वेगळं. वजन आणि त्रिज्या सारखी ठेवून एक भरीव शंकू, एक चकती आणि एक पातळ कडं घेतलं, तर त्यांचं जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्यातला बदल रोखण्याचा गुण, अनुक्रमे ०.३, ०.५ आणि १ या प्रमाणात भरतं. म्हणजे तेवढंच वजन कडेला नेलं की शंकूच्या तिपटीहून जास्त लाभ. मग भोवरा मोठाच का करू नये? इथे हवा आडवी येते. वजन तेच ठेवून त्रिज्या दुप्पट केली, तर आघूर्ण चौपट होतं; पण गुळगुळीत चकतीला त्याच वेगात हवेचा विरोध साधारण १६ पट होतो. म्हणून जड धातू हवा. पितळेची घनता पाण्याच्या सुमारे साडेआठ पट, टंगस्टनची १९ पटींहून अधिक. टंगस्टन महाग आणि कापायला अवघड. पितळ कुठल्याही लेथवर लोण्यासारखं कातलं जातं.

वेग किती हळू घटतो, एवढ्यावरच सगळं ठरत नाही. किती कमी वेगातही भोवरा ताठ उभा राहतो, हेही तितकंच महत्त्वाचं. त्यासाठी गुरुत्वमध्य जमिनीलगत हवा. बाकी सारं तसंच ठेवून ही उंची निम्मी केली, तर पडण्याआधीचा किमान वेग सुमारे ७० टक्क्यांवर येतो. उंच, डौलदार भोवरा दिसतो छान, पण लवकर डुलायला लागतो.

टोकाला कठीण, गुळगुळीत, बारीक गोळी हवी. माणिक उत्तम. बॉलपेनच्या टोकातली टंगस्टन कार्बाइडची गोळीही चालते, आणि ती प्रत्येक दप्तरात असते! खाली काचेचा किंचित खोलगट आरसा ठेवला, की भोवरा भटकत कडेला न जाता मध्ये परततो.

पुण्याच्या आयुकातल्या बालविज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवली. जुन्या सीडीच्या भोकात काचेची गोटी आणि वर झाकण, की झाला भोवरा. गुरुत्वमध्य खाली असल्यामुळे तो सुरेख उभा राहतो. पण १२ सेंटिमीटर रुंदीच्या या हलक्या चकतीला हवा लवकर थकवते. तिच्या कडेला तांब्याच्या तारेचे वेढे समतोल चिकटवून पाहावेत. फरक घड्याळावर दिसतो.

२०१८ मध्ये एक भोवरा २७ तासांहून अधिक फिरल्याची विक्रमनोंद झाली, पण त्याच्या पोटात बॅटरी आणि मोटर होती. खरी कारागिरी पाहायची तर जपानकडे वळावं. तिथल्या छोट्या कारखानदारांनी २०१२ मध्ये भोवऱ्यांची स्पर्धा सुरू केली. व्यास २० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचा भोवरा घेऊन जायचा, असे तिचे नियम. त्या इवल्याशा वस्तूत प्रत्येक कारखाना आपलं सगळं कसब ओततो.

जळगावच्या एमआयडीसीतल्या लेथवाल्यांना हे सहज जमेल. बोरीच्या लाकडाची बसकी चकती, कडेला घट्ट दाबून बसवलेलं पितळी कडं, मध्ये बारीक दांडी, खाली कठीण गोळी. लाकूड पुरतं वाळलेलं हवं, नाहीतर ते आक्रसून कडं सैल होतं आणि तोल जातो. मग इथेही जास्त वेळ फिरण्याची स्पर्धा घेता येईल, आणि तिचे नियमही सोपे ठेवता येतील: व्यास ४० मिलिमीटरपर्यंत, बॅटरी नाही, दांडी चिमटीत धरून एकदाच फिरवायची, पंखा बंद, आणि एक वेगळा गट फक्त बोरी-बाभळीच्या लाकडाचा.