एका झुडपाखाली उरलेला बॅकअप

इअरफोन लावून जेवत असाल तर आधीच सांगतो, आज किड्याबद्दल बोलायचंय. काळा, चमकदार, 15 सेंटिमीटरपर्यंत वाढणारा काडीकिडा.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून साधारण 600 किलोमीटरवर लॉर्ड हाउ नावाचं बेट आहे. सुमारे 70 लाख वर्षांपूर्वी समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीचा हा उरलेला तुकडा. मुख्य भूमीशी तो कधीच जोडलेला नव्हता. त्यामुळे इथे जे पोचलं ते उडत, पोहत नाहीतर वाहत. वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी स्वतःहून आला नाही.

म्हणजे या किड्याला उंदीर माहीतच नव्हता. पंख नाहीत, दिवसा झाडाच्या ढोलीत झोपायचं, रात्री पानं खायची. संख्या इतकी, की लोक मासेमारीला आमिष म्हणून त्याला वापरायचे.

मग जून 1918 मध्ये मकाम्बो नावाचं जहाज इथे खडकावर आदळलं. दुरुस्ती होईपर्यंत जहाजातले काळे उंदीर किनाऱ्यावर उतरले. 1920 नंतर बेटावर तो किडा कोणाला दिसला नाही. पक्ष्यांच्या पाच जातीही उंदरांमुळे गेल्या.

आता गोष्टीतलं वळण ऐका. लॉर्ड हाउपासून 20-25 किलोमीटरवर बॉल्स पिरॅमिड हा सुळका आहे. 562 मीटर उंच, तोही ज्वालामुखीचाच अवशेष, जवळजवळ उभा कडा. 1964 मध्ये तिथे गिर्यारोहकांना एक मेलेला काडीकिडा सापडला होता. 2001 मध्ये निकोलस कार्लाइल आणि डेव्हिड प्रिडल हे शास्त्रज्ञ तिथे गेले. दिवसा एका झुडपाखाली ताजी विष्ठा दिसली. हा किडा निशाचर, म्हणून कार्लाइल आणि एक वनरक्षक अंधारात पुन्हा कडा चढले. झुडपावर जिवंत किडे होते! पुढे मोजणी झाली, तर सगळे मिळून 24.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला इथे एकच शब्द सुचतो: बॅकअप. आणि तोही एकाच डिस्कवर. एक दरड कोसळली असती तर अख्खी प्रजात गेली असती.

म्हणून 2003 मध्ये दोन जोड्या खाली आणल्या. मेलबर्न प्राणिसंग्रहालयातल्या जोडीचं नाव ॲडम आणि ईव्ह. ईव्ह आजारी पडली, मरायला टेकली. तिला कॅल्शियम आणि मधुरसाचं मिश्रण थेंबाथेंबाने पाजलं, आणि ती वाचली. पुढे तिथे हजारो पिल्लं जन्मली. हा तोच किडा आहे का, अशी शंका होती. 2017 मध्ये संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांशी डीएनए जुळवला आणि तीही मिटली.

पण बग तसाच ठेवून बॅकअप रिस्टोअर करून काय उपयोग? उंदीर असताना किडे सोडणं म्हणजे त्यांना जेवण वाढणं. 2019 मध्ये बेटभर विषारी आमिष टाकून उंदीर संपवायची मोठी मोहीम झाली. 2021 मध्ये थोडे पुन्हा दिसले, तर माग काढून त्यांनाही पकडावं लागलं.

दूरच्या बेटांचं असंच असतं बघा. लाखो वर्षं समुद्र कुंपणासारखा राखण करतो, आणि एक जहाज त्याला भोक पाडतं. भोक पडायला काही दिवस लागले, बुजवायला शंभर वर्षं. कुठल्याही बेटावर जाल तेव्हा बूट आणि बॅग झाडून घ्या, एवढंच सांगतो.

भेटू पुढच्या भागात!